दाखल होतानाच कार्ड दाखवा

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

सत्तर वर्षे पूर्ण झालेल्या प्रत्येक नागरिकाला, त्याचे उत्पन्न कितीही असो, आयुष्मान भारत योजनेतून वर्षाला ५ लाख रुपयांपर्यंतच्या उपचारांचे संरक्षण २९ ऑक्टोबर २०२४ पासून मिळू लागले. त्याचे ‘वय वंदना’ कार्ड आमच्या राजारामपुरीत अनेकांनी काढले आहे. मात्र ते कधी आणि कशासाठी चालते, हे कार्ड काढणाऱ्यांनाही नीट सांगितले गेलेले नाही.

माझ्या ७६ वर्षांच्या थोरल्या बहिणीला छातीत दुखू लागले म्हणून भाच्याने तिला रात्रीच एका खासगी रुग्णालयात नेले. अनामत भरली, अँजिओप्लास्टी झाली आणि घरी सोडताना बिल हाती पडल्यावर कपाटातल्या कार्डाची आठवण झाली. ‘दाखल करतानाच सांगायचे होते’, एवढेच उत्तर मिळाले. केसपेपरवर वय लिहून घेणाऱ्याने कार्ड आहे का, एवढे विचारले असते, तर तिची मुदत ठेव मोडावी लागली नसती.

ही योजना रोकडरहित आहे. योजनेतील रुग्णालय उपचारांना पूर्वमंजुरी घेते आणि रक्कम थेट रुग्णालयाला मिळते. आधी पैसे भरून मागाहून परतावा मागण्याची ही योजना नव्हे. म्हणून अनामत भरण्यापूर्वीच तेथील आरोग्यमित्राला, म्हणजे रुग्णालयात या योजनेचे काम पाहणाऱ्या मदतनीसाला, गाठावे, आणि रुग्णालय योजनेत आहे एवढ्यावर न थांबता आपल्या आजाराचा विभागही त्यात आहे का, हे विचारावे, कारण काही रुग्णालये ठरावीक विभागांपुरतीच योजनेत असतात.

दुसरा गैरसमज औषधांचा. बीपी-शुगरच्या दरमहाच्या गोळ्या किंवा बाह्यरुग्ण विभागातील तपासण्या यात बसत नाहीत. दाखल झाल्यास मात्र आधीचे ३ दिवस आणि घरी सोडल्यानंतरचे १५ दिवस यांचा खर्च धरला जातो, आणि जुना आजार असला तरी अडत नाही. पती-पत्नी दोघेही सत्तरीपुढचे असतील तर ५ लाख दोघांत मिळून असतात.

आपल्या जिल्ह्यात, विशेषतः सैनिक टाकळीसारख्या गावांत, माजी सैनिक पुष्कळ आहेत. त्यांना त्यांची आरोग्य योजना किंवा हे कार्ड यांपैकी एकच निवडता येते. त्यांच्या योजनेत पॉलिक्लिनिकमधून रोजची औषधेही मिळतात, तेव्हा त्यांनी घाईने कार्ड काढू नये, असे मला वाटते. वय आधारवरूनच धरले जात असल्याने जन्मसाल चुकले असेल तर ते आताच दुरुस्त करून घ्यावे. आजारपणात त्यासाठी धावपळ करणे फार कठीण जाते.

कोल्हापुरातील सीपीआर या सरकारी रुग्णालयासह योजनेतील प्रत्येक रुग्णालयाने दाखल कक्षाजवळ ही माहिती आणि १४५५५ हा मदत क्रमांक मोठ्या मराठी अक्षरांत लावावा. आपणही जिल्ह्यातील अशा रुग्णालयांची विभागवार यादी प्रसिद्ध करावी, ही विनंती.

आपला,
एक ज्येष्ठ वाचक, राजारामपुरी, कोल्हापूर