आणखी दोन वर्षे

केत्साल्तेनांगो, ग्वाटेमाला
दि. ७ ऑगस्ट

तीर्थरूप आई व बाबा यांस,
साष्टांग नमस्कार, वि. वि.

हे फोनवरही सांगता आले असते, पण गेले तीन रविवार मी ते टाळले. फोनवर आई गप्प होते, बाबा घाईने ‘बरं, बरं’ म्हणतात आणि मग मला पुढे बोलवत नाही. म्हणून पत्र.

शाळेने आम्हाला आणखी दोन वर्षे राहाल का असे विचारले होते, आणि मागच्या शुक्रवारी आम्ही होकार दिला. आधी तुम्हाला विचारायला हवे होते, हे मला कळते. विचारले असते तर तुम्ही नाही म्हटले नसते, आणि तुमच्या मनाविरुद्धचा तो होकारच मला नको होता.

इथले शाळेचे वर्ष जानेवारी ते ऑक्टोबर असते. त्यातले पहिले सहा महिने आम्हीच विद्यार्थी होतो. मुले घरी किचे बोलतात आणि स्पॅनिश त्यांनाही शाळेतच नीट शिकावी लागते, त्यामुळे क्रियापदांच्या चुकांत आम्ही एकमेकांना सांभाळून घेतो. आता कुठे मला फळ्याकडे पाठ न करता वाक्य पुरे करता येऊ लागले आहे. आता कुठे शेवटच्या बाकावरची मुलगी ‘सेन्यो’ म्हणून हाक मारून वही पुढे करते. (बाईंना इथे सगळे ‘सेन्यो’ म्हणतात.) नोव्हेंबरात आम्ही कायमचे निघून आलो असतो तर सारी मेहनत आमच्या स्वतःच्या शिक्षणावरच खर्च झाली असती. अमेयची बिनपगारी रजा वाढवून मिळाली नाही, म्हणून त्याने राजीनामा दिला आहे. पुण्याच्या घराचे भाडे येते, इथे खोली शाळेची आहे. पैशांची काळजी नको. गंमत म्हणजे आपण पोर्तुगीजांकडून घेतलेला ‘पगार’ हा शब्द स्पॅनिशमध्येही आहे, अर्थ ‘पैसे देणे’. शब्द तेवढा इथे आम्हाला भेटला, पगार नाही.

बाबा, कोयनेच्या खोऱ्यातल्या त्या शाळेवर तुमची बदली झाली होती, तेव्हा तीन वर्षे संपल्यावर तुम्ही स्वतः होऊन आणखी दोन वर्षे मागून घेतली होती. शनिवारी रात्री शेवटच्या गाडीने तुम्ही यायचात आणि मी झोपल्याचे सोंग घेऊन तुमच्या पिशवीतल्या करवंदांचा वास घेत पडून राहायचे. ती बातमी तुम्ही आईला कशी सांगितली होती, हे मला आजवर कळलेले नाही. भांडण लावण्याचा हेतू नाही. एवढेच की ही खोड मी बाहेरून आणलेली नाही.

आता तुम्हाला खास सांगायचे ते सांगते. अमेय सहावीला गणित शिकवतो. इथल्या अभ्यासक्रमात माया लोकांची जुनी अंकपद्धतीही आहे: ठिपका म्हणजे एक, आडवी रेघ म्हणजे पाच, शिंपला म्हणजे शून्य, आणि वीस झाले की दहाच्या घरात न जाता थेट विसाच्या घरात, म्हणजे वरच्या मजल्यावर चढायचे. अमेय फळ्यावर अडखळत होता, तेव्हा एका मुलाने बूट-मोजे काढून पाय बाकावर ठेवला आणि हाताची दहा, पायाची दहा अशी बोटे मोजून म्हणाला, ‘हुविनाक’. किचेमध्ये वीस म्हणजे ‘हुविनाक’, त्याचा शब्दशः अर्थ एक माणूस. मी दारात उभी होते. मला आजी आठवली, परसातल्या गोवऱ्या रचताना ‘दोन विसा दहा’ म्हणणारी. मोडक्यातोडक्या स्पॅनिशमध्ये मी ते मुलांना सांगितले, तर पुढच्या बाकावरच्या मुलीने गंभीरपणे विचारले, ‘सेन्यो, तुमची आजी किचे बोलायची का?’ त्या दिवसानंतर आमची निघण्याची भाषाच बंद झाली.

आई, आता तुझ्या प्रश्नांची उत्तरे. होय, दोन वेळा गरम जेवतो. हे गाव सुमारे २,३०० मीटर उंचीवर आहे, पाणी लवकर उकळते पण डाळ शिजता शिजत नाही, त्यामुळे तू हट्टाने बॅगेत कोंबलेला कुकर देवासारखा पावला. मिक्सर मात्र बिचारा कोपऱ्यात बसून आहे. इथली वीज १२० व्होल्टची, त्यावर तो नुसता घुरघुरतो. चटणी आम्ही शेजारच्या मावशींच्या तीन पायांच्या दगडी पाट्यावर वाटतो. त्या चुन्याच्या पाण्यात शिजवलेला मका दळून त्याच्या तोर्तिया करतात. परातीत नव्हे, दोन तळहातांमध्येच थापतात, आणि पहाटे तो थपथप आवाज आला की मला क्षणभर तू उठलीस असे वाटते. सोबत काळा घेवडा रोजचाच. आपल्या कोरेगावच्या वाघ्या घेवड्याचे मूळही याच खंडाकडचे, तेव्हा मी परक्या अन्नावर आहे असे समजू नकोस. आणि वेलदोड्यांची पुडी पाठवू नकोस: जगात सर्वाधिक वेलदोडा निर्यात करणारा देश हाच आहे. शेजारच्या मावशींनी मात्र तो कधी चाखला नव्हता. माझ्या चहाचा एक घोट घेऊन त्यांनी तोंड असे केले की तुला हसू आले असते.

बाबा नकाशा उघडून शोधतीलच, म्हणून मीच सांगते. गावाजवळ सांता मारिया नावाचा ज्वालामुखी आहे, त्याचा मोठा उद्रेक १९०२ साली झाला होता, आणि त्याच्या कुशीतला सांतियागितो अधूनमधून धूर सोडतो. राख बहुधा पलीकडे, समुद्राच्या बाजूला जाते. शाळेत भूकंपाची कवायत होते, अंधार पडल्यावर आम्ही गावाबाहेर प्रवास करत नाही, पिण्याचे पाणी विकतचे आहे. यापेक्षा जास्त काळजी करायची असेल तर ती थंडीची करा. डिसेंबरात रात्री पारा शून्याजवळ येतो आणि घरात शेगडीही नसते. आईने विणलेला तो मातकट स्वेटर, ज्याला मी कॉलेजात असताना नावे ठेवली होती, तोच आता अंगावर असतो.

आता माझे ऐका. आईच्या गुडघ्याचे ऑपरेशन नोव्हेंबरातच करायचे आहे. तेव्हा शाळेला सुट्टी असते, मी सहा आठवड्यांसाठी येते आहे, तिकीट काढले आहे, आणि ‘हिवाळा संपू दे’ ही सबब चालणार नाही. तोवर माळ्यावरचे डबे दादाच्या हातून काढून घ्यावेत. बाबांनी साखर महिन्यातून एकदा तपासून आकडा मला कळवावा, खरा आकडा. मागच्या वेळचा तुम्ही गोल करून सांगितला होता, तुमच्याकडे गणित शिकलेय मी. रात्री अंगणातला दिवा चालू ठेवा. गणपतीला उकडीचे मोदक आईने एकटीने बसून वळू नयेत, वहिनीला हाताशी घ्यावे; माझ्या वाटणीचे पाच कमी करा.

दोन वर्षांत तुम्हाला कधीही, अगदी कुठल्याही कारणाने, मी हवी असेन तर ते एका वाक्यात सांगा. कारण विचारणार नाही.

रविवारी इथल्या सकाळी साडेसातला, म्हणजे तुमच्या संध्याकाळी सातला फोन करेन. बाबा, तोवर एक आठवून ठेवा: शंभराला आजी ‘पाच विसा’ म्हणायची, हे मला माहीत आहे, पण त्याच्या पुढे ती कशी मोजायची? वर्गाने विचारले आहे आणि मी सोमवारी सांगते म्हटले आहे.

तुमची,
मनू