व्हिडिओ काढलात, आता आदेशाची प्रत तरी द्या

मा. केंद्रीय इलेक्ट्रॉनिक्स व माहिती तंत्रज्ञान मंत्री यांस,
सप्रेम नमस्कार.

२३ सप्टेंबर २०२३ च्या पहाटे नागपूरचा अंबाझरी तलाव ओसंडला आणि पाणी आमच्या स्वयंपाकघरात शिरलं. फ्रिज आडवा होऊन तरंगत होता, त्याला पोळ्यांचा डबा टेकलेला. मी ४१ सेकंदांचा व्हिडिओ काढला. पावसाळ्याच्या तोंडावर तोच पुन्हा सोशल मीडियावर टाकतो आणि नालेसफाई कुठवर आली ते विचारतो. यंदा तिसऱ्या दिवशी तो गायब. जागेवर एकच ओळ: कायदेशीर मागणीमुळे हा मजकूर भारतात उपलब्ध नाही.

शेजारचे काका म्हणाले, "काहून बाप्पा, असं काय बोलला तू?" काय सांगणार? मलाच कुणी सांगितलेलं नाही.

माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या कलम ६९अ खाली, म्हणजे सरकारच्या मजकूर रोखण्याच्या अधिकारात काढला असेल, तर त्याच्या २००९ च्या नियमांतला नियम १६ आडवा येतो: सगळं गोपनीय. कलम ७९ खाली, म्हणजे मजकूर काढा नाहीतर कायद्याचं संरक्षण जाईल असं सोशल मीडिया कंपनीला कळवून काढला असेल, तर नोव्हेंबर २०२५ पासून तसं पत्र वरच्या दर्जाच्या अधिकाऱ्यानेच, कारण लिहून धाडायचं असतं. चांगलंच आहे. पण ते कारण जातं कंपनीकडे, आणि कंपनीला लिहिलं की छापील उत्तर येतं.

पालघरच्या दोन मुलींना एका फेसबुक पोस्टपायी अटक झाली, त्यावरून गाजलेलं, ऑनलाइन आक्षेपार्ह मजकुराला शिक्षा देणारं कलम ६६अ सर्वोच्च न्यायालयाने २४ मार्च २०१५ ला रद्द केलं. त्याच निकालात ६९अ मात्र टिकलं. का, तर कारणं लेखी नोंदवायची असतात, म्हणजे उच्च न्यायालयात रिट याचिका करून आव्हान देता येतं. सिव्हिल लाइन्समधलं उच्च न्यायालयाचं खंडपीठ माझ्या घरापासून फार लांब नाही. पण रिटला जोडू काय, त्या एका ओळीचा स्क्रीनशॉट?

आमच्याकडे हिवाळी अधिवेशनात मोर्चे येतात. मॉरिस कॉलेज टी-पॉइंटवर बॅरिकेड लागतात, शिव्याशाप होतात, पण अडवणारा समोर उभा असतो. त्याच्या छातीवर नावाची पट्टीही असते.

माझा व्हिडिओ बेकायदेशीर ठरत असेल तर तसं लिहून द्या, मी वकील बघतो. नियम १६ बदला. ज्याचा मजकूर काढला त्याला आदेशाची प्रत मिळेल, एवढी एक ओळ त्यात घाला.

तुम्हाला व्हिडिओ बघायचा असेल तर सांगा. भाचा शारजाला आहे, त्याला तो अजून दिसतो.

आपला,
नाग नदीकाठचा एक रहिवासी, नागपूर