अण्णांच्या फ्लेक्सवरची ती ओळ बदला

काकू,

नमस्कार. फोनवर तू रडायला लागलीस की मला पुढं काय बोलायचं सुचत नाही, म्हणून या खेपेला लिहूनच पाठवतोय. बापू वाचून दाखवेल. त्यालाही दोन शब्द सुनवायचेत, ते त्यानं मोठ्यानं वाचावेत, गाळू नयेत.

काल त्यानं अण्णांच्या वर्षश्राद्धाच्या फ्लेक्सचा मजकूर ग्रुपवर टाकला. फोटो झकास आहे, फेटा बांधलेला, बहुतेक ताईच्या लग्नातला. पण खाली लिहिलंय 'सलग चाळीस वर्षे आषाढी वारी करणारे निष्ठावंत वारकरी'. अरे बापू, कुठली चाळीस वर्षं? नोकरीत असेपर्यंत अण्णांनी एक तरी आषाढी पंढरपुरात केलेली दाखव मला. गळ्यात माळ होती, एकादशी कधी मोडली नाही, सगळं खरं, पण आषाढीला हा माणूस कुठं असायचा तर मोडनिंबच्या पुढं रुळावर, खांद्यावर हातोडी आणि पाना, काखेत लाल-हिरवी झेंडी, खिशात शेंगदाणे-गूळ. सगळा महाराष्ट्र पंढरपूरला निघालेला, जादा गाड्या सोडलेल्या, त्यात पावसाळा, आपली काळी माती पाणी पिऊन फुगली की रूळ वरखाली होणार, मग रूळ तपासणाऱ्या चावीवाल्याला रजा कोण देतंय! गाडी समोरून जायची, आतली माणसं हात जोडून ओरडायची, आणि अण्णा झेंडी धरून तिथंच उभे.

आत्ताच हे सगळं का डोक्यात आलं ते सांगतो. गेल्या रविवारी इथं इंग्लंडात स्टॅफर्डशायरमध्ये मॅनिफोल्ड नावाच्या नदीच्या काठानं फिरायला गेलो होतो. नदी म्हणजे काय, कोरडी ठाक, उन्हाळ्यात तिचं पाणी जमिनीच्या पोटात शिरतं आणि वर नुसते गोटे राहतात, मला तर घरीच आल्यासारखं वाटलं. तर त्या काठानं पूर्वी एक छोटी रेल्वे होती, १९०४ ला सुरू झालेली, १९३४ ला बंद पडली, आता तिथं चालायचा डांबरी रस्ता आहे. वाचलं तर कळलं की ती रेल्वे बांधणारा इंजिनियर कॅलथ्रॉप, म्हणजे आपल्या बार्शी लाईट रेल्वेवालाच! १८९७ ला कुर्डुवाडी-बार्शी केली, मग तोच अडीच फुटी रुळांचा नमुना इथं वापरला, आणि तिकडं १९०६ ला ती लाईन पंढरपुरात पोचली. अण्णांचे रूळ, काकू, माझ्या घरापासून तासाभरावर होते आणि मला पाच वर्षं पत्ता नाही. आणि गंमत बघ, तिथं ना रूळ ना रुळाखालचे स्लीपर, तरी माझी पावलं आखूड पडायला लागली. लहानपणी सुट्टीत अण्णांच्या मागं मागं चालायचो ना, एका स्लीपरवरून दुसऱ्यावर, तसं. अण्णा तर बाजारात पण तसंच चालायचे, मोजून मापून, तू चिडायचीस की बाई असून माझा उरक जास्त.

१९७४ चा तो देशभरचा रेल्वे संप मिटल्यावर अण्णा रोजंदारीवर लागले, मग गँगमन, मग चावीवाला. काम म्हणजे आपला ठरलेला पट्टा रोज पायी तपासायचा, रूळ धरून ठेवणारी चावी सैल झाली की ठोकायची, रूळ जोडणाऱ्या फिशप्लेटचे बोल्ट आवळायचे, आणि कान उघडे ठेवायचे. मला एकदा दोन ठिकाणी हातोडी मारून दाखवली, एकीकडं टण्ण, दुसरीकडं आवाज जरा बसका. मला काही फरक कळला नाही. म्हणाले, "पहिलं पोट भरलेलं हाय, दुसऱ्याखालची खडी सरकलीय." तेव्हापासून घरात पण तेच, माठ घेताना टिचकी, नारळाला टिचकी, मी इकडं यायला निघालो तेव्हा माझ्या बॅगेच्या चाकांना पण टिचकी मारून झाली आणि म्हणाले डावं चाक टिकत नाय. दुबईत उतरलो तेव्हा डावंच तुटलं होतं.

तो थंडीतला किस्सा तुला माझ्यापेक्षा जास्त माहितीय, पण बापूच्या पोरांना माहीत नसेल म्हणून लिहितो. थंडीत लोखंड आकसतं आणि रूळ तडकतो, म्हणून कडाक्याच्या दिवसांत पहाटेच निघायला लागायचं. त्या दिवशी रुळाला बोट जाईल एवढी फट दिसली आणि गाडी यायची वेळ झालेली. लाल झेंडी तिथंच रोवली, आणि हा माणूस गाडीच्या दिशेनं पळत सुटला, पुढं जाऊन रुळावर फटाके लावले, इंजिनाखाली ते फुटले तशी गाडी थांबली. रेल्वेनं बक्षीस दिलं, त्यातून अण्णांनी तुला वातीचा स्टोव्ह आणला. सगळ्यांना पळाल्याचं कौतुक, आणि ते स्वतः सांगताना मात्र दरवेळी एवढंच सांगायचे की चप्पल तुटली होती त्या दिवशी.

ब्रॉडगेज झाली, सिमेंटचे स्लीपर आले, जुन्या चाव्या जाऊन क्लिपा आल्या, नाव तेवढं चावीवाला राहिलं. अण्णांना नवी लाईन कधी आवडली नाही, उगाच कुरकुर करायचे. थोडे हट्टी होतेच, तेही फ्लेक्सवर टाका हवं तर.

पण वारीचं ऐक. मी कॉलेजात असताना, म्हणजे सोसायटीचं कर्ज काढून माझी फी भरली त्याच वर्षी, मी शहाणपणा करून विचारलं होतं की अण्णा, पंढरपूर हाकेवर असून आषाढीला जाता येत नाही, वाईट वाटत नाही का? वाटतं म्हणाले. सरळ. मग म्हणाले, इथंच मोडनिंबाजवळ अरण, सावता महाराज काय मळा सोडून गेले होते का, देवच आला त्यांच्याकडं. आषाढ वद्यात पंढरपूरहून विठोबाची पालखी अरणला येते ना, तोवर गर्दी ओसरलेली असायची, साहेब एक दिवसाची रजा द्यायचा, आणि अण्णा इस्त्रीचा शर्ट घालून अरणला जायचे. ते कधी चुकलं नाही. माझ्या आठवणीत एकदाही नाही.

रिटायर झाल्यावर २०१२ ला पहिल्यांदा आषाढीला गेले तेव्हाचं तूच सांगितलेलं, कळसाला हात जोडले आणि तडक स्टेशनवर जाऊन गाड्या बघत बसले, तू म्हणालीस देव सोडून रूळ बघायला आला का. मग पुढं दरवर्षी गुडघे जाईस्तोवर वाखरीत तेलाची बाटली घेऊन वारकऱ्यांचे पाय चोळत बसायचे. पायांची पारख त्यांना होतीच, आयुष्यभर पायीच चाललेला माणूस.

तर बापू, ती ओळ काढ आणि लिही, 'दरवर्षी अरणला जाणारे, कुर्डुवाडी-पंढरपूर लाईनचे चावीवाले'. एवढं पुरे. फ्लेक्सवाला जास्तीचे पैसे मागेल तर मी पाठवतो.

आणि काकू, माळ्यावर अण्णांची हातोडी आहे, दांड्याला सायकलची ट्यूब गुंडाळलेली. साफसफाई काढलीस तर भंगारवाल्याला देऊ नको, दिवाळीत येतोय, माझ्यासाठी ठेव. बॅग या वेळी चांगली घेतलीय, तरी तू एकदा चाकं बघ.

तुझा,
धाकटा