आवाज बसलाय? जरा पोटाकडेही बघा

संपादक महोदय,
पावसाळ्यात आमच्या स्टाफरूममध्ये निम्म्या जणींचा आवाज बसलेला, पर्समध्ये खोकल्याच्या गोळ्या आणि दोष सगळा हवेला. पण कधीकधी गडबड पोटाची असते, ॲसिड वर घशापर्यंत येतं आणि गंमत म्हणजे छातीत जळजळ होतेच असं नाही, त्यामुळे कुणाला संशयच येत नाही. सकाळी घोगरा आवाज, सारखं खाकरणं, घशात काहीतरी अडकल्यासारखं वाटणं. ॲसिडसोबत पेप्सिन (पोटातलं प्रथिनं पचवणारं द्रव्य) पण वर येतं आणि स्वरयंत्राचं अस्तर अन्ननलिकेपेक्षा नाजूक, त्याला थोडंसंही झोंबतं. सल्ला असा की जेवण आणि झोप यांत 3 तास जाऊ द्या. आता रात्रीची कल्याण फास्ट लोकल लटकत पकडून घरी येणारा माणूस अकराला जेवणार, साडेअकराला आडवा होणार, तो हे 3 तास कुठून आणणार? निदान जेवण हलकं घ्या आणि पलंगाची उशाकडची बाजू विटा लावून उचला (उशांची चळत नको, पोट दुमडतं). आणि 3-4 आठवड्यांत आवाज सुटला नाही तर, तंबाखूवाल्यांनी तर नक्कीच, ईएनटीकडून (कान-नाक-घशाच्या डॉक्टरकडून) दुर्बिणीने घसा तपासून घ्या, मेडिकलमधून अँटासिड आणून रेटत बसू नका.

– एक शिक्षिका, मुलुंड