ले-शाफ्ट सोडवून देणाऱ्या काकांना

काका, सप्रेम नमस्कार.

फोनवर आभार मानायला गेलो तर तुम्ही "अरे, त्यात काय एवढं" म्हणून विषय मिटवलात. माझ्या मनातून मात्र तो जात नाही, म्हणून चारचौघांत लिहितो आहे.

माझ्या जुन्या गाडीचा गिअरबॉक्स तुमच्यासमोर आला तेव्हा त्याचे काय हाल झाले होते ते तुम्ही पाहिलंतच. आधी ज्यांच्या हवाली केला होता, त्यांनी आत काय आहे, ले-शाफ्ट, म्हणजे ज्यावर गिअर फिरतात तो आतला पोलादी दांडा, कुठल्या बाजूने निघतो, काही न बघता हातोडा काढला. शाफ्ट हलेना तर त्याहून मोठा काढला. वर मला सांगितलं, "साहेब, हा भंगारात घाला, दुसरा बघा." साठच्या दशकातली गाडी, दुसरी केसिंग, म्हणजे गिअरबॉक्सचं बाहेरचं ॲल्युमिनियमचं कवच, आणायची कुठून? दुसऱ्या एकांनी तर केसिंग कापून शाफ्ट काढायची तयारी दाखवली. ते ऐकलं आणि गिअरबॉक्स उचलून घरी आणला. त्या लोकांवरचा माझा राग अजून गेलेला नाही. जमत नसेल तर जमत नाही म्हणायचं, त्यात कसला कमीपणा? पण समोरच्याची वस्तू बिघडवून ती टाकाऊ होती असं सांगायचं, हे मला सहन होत नाही.

तुम्ही हातोड्याकडे बघितलंसुद्धा नाही. टॉर्च मागितलीत, चष्मा कपाळावर सरकवलात आणि शाफ्टच्या टोकाच्या कडेवरून सावकाश नख फिरवलंत. एका जागी नख अडलं. माझं बोट धरून तिथे टेकवलंत आणि म्हणालात, "हा अडकलेला नाही, अडकवलाय." घाव बसून बसून टोक चेपलं होतं आणि त्याची कड बाहेर फुगली होती. केसिंगच्या भोकातून ती जाणार कशी? आणखी जोर केला असता तर त्या पोलादी कडेने ॲल्युमिनियम ओरबाडलं असतं. भोक एकदा सैल झालं की नवा शाफ्ट घालूनही काही उपयोग नसतो.

पुढचं जे तुम्ही केलंत, त्यासाठीच खरं तर हे पत्र. कानस हातात घेण्याआधी तुम्ही एक फडकं फाडलंत, पट्ट्यांना तेल लावलंत आणि शाफ्टच्या आजूबाजूला, केसिंगच्या तोंडात, बोटाने दाबून दाबून बसवल्यात. कीस आत पडू नये म्हणून. गिअरबॉक्स तर सगळा खोलायचा होता, रॉकेलने धुवायचाही होता. मी तसं म्हणालोही. तुम्ही मान वर न करता म्हणालात, "तू नंतर धुणार आहेस हे बेअरिंगला काय माहीत?" आणि मग घासायला सुरुवात केलीत. थोडं घासायचं, नखाने बघायचं, परत थोडं. कीस पुसून घ्यायचा, पट्टी बदलायची. हे कुणी तपासणार नव्हतं. पट्ट्या लावल्या नसत्या तरी मला कधी कळलं नसतं. त्या पट्ट्या बघून माझा जीव भांड्यात पडला. माझ्या गाडीची माझ्याइतकीच काळजी असलेला माणूस भेटला होता.

बाकीचं सगळं मग सरळ झालं. केसिंग गरम हवेने चहूबाजूंनी सारखी तापवलीत, आणि तापवता तापवता कारणही सांगितलंत: तापमान तेवढंच वाढलं तरी ॲल्युमिनियम पोलादाच्या जवळजवळ दुप्पट प्रसरण पावतं. घरी येऊन मी हिशेब केला. 20 मिलिमीटरच्या शाफ्टला 80 अंश तापमान वाढल्यावर मिळणारी मोकळीक 0.02 मिलिमीटरच्या आतबाहेर, म्हणजे केसाच्या जाडीपेक्षाही कमी. तेवढी पुरली. पितळी ड्रिफ्टवर, म्हणजे ठोकायच्या दांड्यावर, हलक्या हाताने ठोके दिलेत आणि शाफ्ट सरकू लागला. त्याच्या मागोमाग आत गेला तो तुम्ही लेथवर काढलेला डमी शाफ्ट, जरा कमी जाडीचा, क्लस्टर गिअरच्या (शाफ्टवर फिरणाऱ्या एकसंध गिअरांच्या) लांबीचा. त्यामुळे त्या गिअरांच्या आतल्या निडल बेअरिंगची, म्हणजे सुईसारख्या बारीक रोलरांची, एकही सुई जागची हलली नाही.

बाहेर आलेला शाफ्ट तुम्ही उजेडात फिरवून दाखवलात. एका बाजूला नव्यासारखा गुळगुळीत, दुसऱ्या बाजूला बारीक खड्डे आणि सुयांनी पाडलेला चर. शाफ्ट स्वतः फिरत नाही, सगळा भार वर्षानुवर्षं त्याच एका बाजूला येतो, म्हणून. गाडी चालताना येणारा तो घरघराट कुठला, हे त्या दिवशी कळलं. इतकी वर्षं कुणी सांगितलं नव्हतं.

काका, हुशार माणसं पुष्कळ आहेत. दुसऱ्याची वस्तू हातात आल्यावर ती जपून ठेवणारी, आधीच्याने केलेली नासाडी मुकाट्याने निस्तरणारी आणि वर त्याच्याबद्दल वाईट शब्द न काढणारी माणसं फार थोडी. मी त्या लोकांना तुमच्यासमोर नावं ठेवली, तेव्हा तुम्ही फक्त "घाई झाली असेल" एवढंच म्हणालात. माझं मन अजून तेवढं मोठं नाही, पण तुमचं आहे हे मी पाहिलंय.

नवा शाफ्ट आणि थ्रस्ट वॉशर (गिअरांच्या टोकांच्या चकत्या) बसले, गिअरबॉक्स बंद झाला, आता क्लच प्लेटचं काम चाललंय. डमी शाफ्ट मात्र सध्या माझ्याकडे नाही. तसाच गिअरबॉक्स खोलून बसलेल्या एकाला तुम्हाला न विचारता दिलाय. तुम्ही नाही म्हणणार नाही याची खात्री होती. सोबत एक फडकंही दिलं आणि ते कशासाठी तेही सांगितलं.

तुमचा कायमचा ऋणी