चाचणीचा महिना कोणाच्या उपयोगी?

महोदय,

वैद्यकीय ग्रंथालयात काम करणाऱ्याला वर्षातून एक-दोनदा तरी प्रकाशकांचे पत्र येते : आमची नियतकालिके किंवा उपचारविषयक संदर्भसेवा महिनाभर विनामूल्य वापरून पाहा. ही सवलत स्वागतार्हच आहे. पण तिचा बराचसा भाग वाया जातो, असा माझा अनुभव आहे.

गेल्या खेपेस अशी एक सेवा आमच्याकडे ऐन परीक्षांच्या दिवसांत सुरू झाली. सूचना फलकावर लागेपर्यंत दहा दिवस गेले होते, आणि सेवा फक्त संस्थेच्या आयपी पत्त्यांवर, म्हणजे संस्थेच्या जाळ्यातल्या संगणकांवरच, उघडत असल्याने वसतिगृहातून ती कोणाला पाहता आली नाही. तरीही रात्रपाळीच्या एका निवासी डॉक्टरने, मूत्रपिंडांचे काम मंदावल्याने रक्तातले क्रिएटिनिन वाढत चाललेल्या रुग्णाला प्रतिजैविकाची मात्रा किती कमी करावी, हे वॉर्डातल्या संगणकावर दोन मिनिटांत शोधले. मुदत संपल्यावर तोच दुवा उघडला, तर समोर खरेदीचे पान! मग त्या वेळी छापून ठेवलेला कागद वापरण्याचा मोह होतो. तो धोक्याचा आहे, कारण नियतकालिकातला लेख सहसा आहे तसाच राहतो, संदर्भसेवेतला मजकूर मात्र नवा पुरावा येईल तसा बदलत असतो.

खरेदी समितीपुढे बहुधा एकूण क्लिकचा आकडा ठेवला जातो, आणि कुतूहलाने केलेल्या क्लिकही त्यात मोजल्या जातात. वापर मोजण्याच्या ‘काउंटर’ या आंतरराष्ट्रीय मानकात, परवाना नसल्यामुळे वाचकाला किती वेळा प्रवेश नाकारला गेला, याचीही नोंद ठेवण्याची सोय आहे. चाचणी संपल्यानंतरच्या दोन महिन्यांचा हा आकडा प्रकाशकाकडे आवर्जून मागावा. खरी निकड त्यातच दिसते. शिवाय २००० सालापासून सुरू असलेल्या ‘पबमेड सेंट्रल’ या वैद्यकीय लेखांच्या ऑनलाइन संग्रहात असंख्य लेख पूर्ण स्वरूपात विनामूल्य मिळतात, उपचारांवरचे संशोधन एकत्र तपासणाऱ्या ‘कॉक्रन’ या संस्थेच्या आढाव्यांचे सारांशही खुले आहेत. तेव्हा चाचणीत तपासायचे ते या पलीकडे काय मिळते एवढेच.

पुढची चाचणी अध्यापन चालू असतानाच घ्यावी, संस्थेबाहेरून प्रवेशाची सोय आधी करून घ्यावी आणि वॉर्डातल्या संगणकाशेजारी एक वही ठेवून कोणता प्रश्न विचारला व उत्तर मिळाले की नाही, हे लिहून घ्यावे, एवढी विनंती.

– एक वैद्यकीय ग्रंथपाल