जीव वाचला, हात गेला : परिवहन मंत्र्यांना खुलं पत्र

मा. परिवहन मंत्री, महाराष्ट्र राज्य,

साहेब, नमस्कार.

मी सांगली जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावी फिजिओथेरपिस्ट आहे, १६ वर्षं झाली क्लिनिक चालवतोय. मंत्र्यांना पत्र वगैरे कधी लिहिलं नाही, पण गेल्या आठवड्यात एका आईनं मला विचारलं, "सर, अजून किती दिवस शेक दिला की हात उचलेल ह्याचा?" आणि मला उत्तर देता आलं नाही, तेव्हापासून ते डोक्यातून जात नाहीये, म्हणून लिहितोय.

तिचा मुलगा २४ वर्षांचा आहे. रोज पहाटे मोटरसायकलला दोन्हीकडं दुधाचे कॅन अडकवून डेअरीला जायचा. मागच्या गळीत हंगामात अंधारात रस्त्याकडेला उसानं भरलेली डबल ट्रॉली बंद पडून उभी होती, मागं लाल लाईट नाही, रिफ्लेक्टर नाही, उसाच्या कांड्या बाहेर आलेल्या, ती ह्याला दिसली तेव्हा दहा-बारा मीटर राहिले होते. हेल्मेट घातलेलं होतं, पट्टाही लावलेला, त्यामुळं डोक्याला काही झालं नाही, सगळे म्हणाले देवानंच वाचवला. पण पडला तो उजव्या खांद्यावर आणि मान गेली डावीकडं, आणि त्या एका हिसक्यात मानेतून हाताला जाणाऱ्या नसा ताणल्या, काही मुळापासून तुटल्या. ब्रॅकियल प्लेक्ससची इजा म्हणतात ह्याला, नाव लक्षात नाही राहिलं तरी चालेल, दिसते कशी ते सांगतो. खुर्चीत बसताना तो डाव्या हातानं उजवा हात उचलतो आणि मांडीवर ठेवतो. शर्टाची बटणं आई लावते. तपासताना मला त्याच्या करंगळीवर भाजल्याचा फोड दिसला, विचारलं तर म्हणाला चहाच्या भांड्याला लागलं असेल, मला कळलंच नाही. आणि ज्या हाताला भाजलेलं कळत नाही तोच हात रात्रभर आतून जळतो, घरचे म्हणतात हात तर बधिर आहे मग दुखतंय कसं. दुखतं साहेब, नस मुळातून उपटली गेली की असंच दुखतं, आणि साध्या पेनकिलरनं ते थांबत नाही.

ह्यात वेळेला फार किंमत आहे. अशा नसांवर ऑपरेशन होतं, दुसरीकडची नस आणून जोडतात, पण त्याचा चांगला उपयोग पहिल्या ३ ते ६ महिन्यांतच होतो. नस दिवसाला साधारण १ मिलिमीटर वाढते. मानेपासून दंडापर्यंत पोचायलाच तिला कित्येक महिने लागतात आणि तोवर स्नायू वाट बघत बसत नाही, वर्ष-सव्वा वर्षात तो सुकतो, मग नस पोचली तरी काही हलत नाही. हा मुलगा माझ्याकडं आला अकराव्या महिन्यात. तोपर्यंत तेल, मालिश, शेक, "येईल हळूहळू". पायही मोडला होता, डिस्चार्ज कार्डवर त्या फ्रॅक्चरचं सगळं नीट लिहिलं होतं, हाताबद्दल एक ओळ, "फिजिओथेरपी घ्यावी". नसांच्या सर्जनला अमुक तारखेच्या आत दाखवा, एवढं वाक्य कुणी लिहिलं असतं तर.

साहेब, मेलेल्यांचे आकडे छापून येतात आणि ते यायलाच पाहिजेत. केंद्राच्याच अहवालात आहे, २०२२ मध्ये देशात रस्त्यावर १,६८,४९१ माणसं गेली, त्यातली ७४,८९७ दुचाकीवरची होती. आपल्या महाराष्ट्रात त्या वर्षी सगळे मिळून १५,२२४ मृत्यू. पण जे वाचले त्यांचं पुढं काय झालं, किती जणांना पहिलं काम परत करता आलं, हे कुणी विचारत नाही, आणि माझ्याकडं येतात ते सगळे वाचलेलेच असतात.

सगळ्यात जास्त येतात ते पायाचे. नडगीचं हाड कातडीच्या अगदी खाली असतं, वर मांस नाही, त्यामुळं गाडी पायावर पडली किंवा बंपरचा मार बसला की हाड मोडून बाहेर येतं, त्यात माती जाते, पू होतो, एकाला तीन-तीन ऑपरेशनं लागतात. घोटे तर चपलेमुळं जातात. आमच्याकडं चप्पल घालूनच गाडी चालवतात सगळे, घोट्याच्या वरपर्यंत येणारा साधा बूट घातला तरी खूप फरक पडतो. पडताना माणूस हात पुढं टाकतोच, ते कुणाला थांबवता येत नाही, मग मनगट मोडतं नाहीतर तळव्याची सालटी निघतात. हासळी मोडते. आणि खरचटणं म्हणून जे सोडून देतात ना, त्यात खडीचे कण आत बसतात, त्याच दिवशी जखम घासून धुतली नाही तर काळे डाग कायमचे राहतात, गुडघ्यावरची कातडी आखडून पाय सरळ होत नाही. जाड जीन्स आणि हातमोजे, एवढ्यानं ह्यातलं बरंच वाचतं. हे मी पेशंटला सांगतो, पण तेव्हा उशीर झालेला असतो, हे लायसन काढताना सांगायला पाहिजे.

हेल्मेटबद्दल दोनच गोष्टी बोलतो, बाकी तुम्ही रोज ऐकता. पहिली म्हणजे पट्टा. मोटार वाहन कायद्याच्या कलम १२९ मध्येच लिहिलंय की हेल्मेट पट्ट्यानं डोक्याला घट्ट बांधलेलं पाहिजे, पण चौकात कॅमेरा बघतो हेल्मेट आहे का नाही एवढंच. पट्टा मोकळा असेल तर आपटायच्या आधीच हेल्मेट उडतं, मी स्वतः बघितलंय, हेल्मेट उसाच्या फडात आणि माणूस डांबरावर. हनुवटीखाली दोन बोटं जातील इतपत पट्टा पाहिजे, आणि मागून पुढं ओढलं तर हेल्मेट निघता कामा नये. दुसरी गोष्ट, ती अर्धी टोपी. आयएसआय मार्क नसलेलं हेल्मेट विकायला २०२१ पासून बंदी आहे तरी रस्त्याकडेला दोरीवर लटकवून विकतातच, आणि आयएसआय असलं तरी अर्ध्या हेल्मेटमध्ये जबडा उघडाच राहतो. जबड्याला तारा बांधलेला माणूस सहा सहा आठवडे पातळ पेजेवर असतो साहेब.

आणि मागं बसणाऱ्या बायका. त्याच २०२२ च्या अहवालात हेल्मेट नसल्यानं गेलेले ५०,०२९ आहेत, त्यात १४,३३७ मागं बसलेले. आमच्याकडं नवरा हेल्मेट घालतो, बायको एका बाजूला बसते, मांडीवर लेकरू, डोक्यावर पदर. एका बाजूला बसलं की धरायला काही नाही, खड्डा आला की पहिली तीच पडते आणि डोक्यावरच पडते. पदर नाहीतर ओढणी चाकात गुंडाळली की गळ्याला फास बसतो किंवा बाई मागं खेचली जाते. साडी गार्ड गाडीला पाहिजे असा नियम आहे, पण पोरं गाडी घेतल्या घेतल्या ते काढून टाकतात, चांगलं दिसत नाही म्हणून. पासिंगनंतर ते गार्ड कुणी तपासत नाही. लहान मुलांचे पाय स्पोकमध्ये जातात ते वेगळंच, तेही ह्याच गार्डनं वाचले असते.

ब्रेकचं सांगतो, कारण हे फार कमी बोललं जातं. माझ्या पेशंटला मी नेहमी विचारतो, कुठला ब्रेक दाबला? दहातले आठ जण सांगतात पायाचा. पुढचा दाबला तर गाडी पलटी होते असं लहानपणापासून ऐकलेलं असतं. खरं म्हणजे ब्रेक लावला की गाडीचं बरंचसं वजन पुढं येतं, जास्त पकड पुढच्याच चाकाला असते, नुसता मागचा दाबला तर चाक लॉक होऊन गाडी आडवी घसरते आणि थांबत नाही ती नाहीच. दोन्ही एकत्र, पुढचा हळूहळू वाढवत दाबायचा, हे मोकळ्या मैदानात पन्नास वेळा केल्याशिवाय अंगात येत नाही. १२५ सीसीच्या वरच्या गाड्यांना चाक लॉक होऊ न देणारं एबीएस आलं, पण दुधाचे कॅन जातात ते १०० आणि ११० सीसीच्या गाडीवर. साठच्या स्पीडला माणसाला समजून ब्रेकवर हात जाईपर्यंतच्या एका सेकंदात गाडी जवळपास सतरा मीटर पुढं गेलेली असते, आणि त्या मुलाला दहा-बारा मीटरवर ट्रॉली दिसली. आपल्या टेस्टला आठचा आकडा काढून दाखवला की लायसन मिळतं. चाळीसच्या स्पीडवरून सरळ रेषेत थांबून दाखव, असं कुणी विचारत नाही. ते विचारा.

अजून एक, जे जागेवरच चुकतं. पडलेल्या माणसाला दोघंजण हातपाय धरून पोत्यासारखा उचलतात, तोंडात पाणी ओततात. मानेचं हाड मोडलेलं असेल तर तिथंच तो कायमचा लुळा होऊ शकतो. डोकं आणि मान एका सरळ रेषेत धरून ठेवायचं, रक्त जिथून येतंय तिथं स्वच्छ कापड दाबून धरायचं, १०८ ला फोन करायचा, बस. आणि जो उठून बसला, चहा प्यायला, "काही नाही झालं" म्हणून घरी गेला त्यालाही डोक्याला मार असेल तर दवाखान्यात न्यायचंच, कवटीच्या आत हळूहळू रक्त साठतं आणि रात्री उलटी होऊन माणूस बेशुद्ध पडतो. लोक पोलिसांच्या भीतीनं पुढं येत नाहीत, खरं तर २०१९ च्या दुरुस्तीत कलम १३४ अ नं मदत करणाऱ्याला संरक्षण दिलंय. पण ते माहीत कुणाला आहे? प्रत्येक एसटी स्टँडवर आणि पेट्रोल पंपावर मोठ्या अक्षरात लावा ना.

केंद्रानं मे २०२५ मध्ये अपघातातल्या लोकांना दीड लाखापर्यंत, ७ दिवस कॅशलेस उपचाराची योजना आणली, चांगली आहे, पहिल्या तासातली पैशाची धावपळ त्यानं वाचेल. पण आठव्या दिवशी ज्याचा हात हलत नाही त्याचं पुढं काय? दुचाकीवरून पडलेल्या प्रत्येक पेशंटच्या डिस्चार्ज कार्डवर, हात किंवा पाय हलत नसेल तर कुठं, कुणाकडं, किती आठवड्यांच्या आत जायचं हे मराठीत लिहिलेलं असावं, आणि राज्यानं त्या ऑपरेशनचा आणि नंतरच्या फिजिओचा खर्च उचलावा.

आता ट्रॉलीचं. हंगाम ऑक्टोबर-नोव्हेंबरात सुरू होतो. रस्त्यावर एकेक ट्रॉली अडवून तपासायला आरटीओकडं तेवढी माणसं नाहीत, हे मलाही कळतं. पण साहेब, प्रत्येक ट्रॉलीला कारखान्याच्या वजनकाट्यावर थांबावंच लागतं, तिथून सुटका नाही. मागं लाल रिफ्लेक्टर पट्टी आणि चालू लाईट नसेल तर काटा करायचा नाही, एवढा एक आदेश काढा. पट्टीला काही फार पैसे लागत नाहीत, आणि रस्त्यात बंद पडलेल्या ट्रॉलीमागं दगड न ठेवता रिफ्लेक्टरचा त्रिकोण ठेवायचा हेही त्याच आदेशात घाला. हंगाम सुरू व्हायच्या आधी निघाला पाहिजे, मध्ये निघून उपयोग नाही.

डिस्चार्ज कार्डचा विषय आरोग्य खात्याकडं येतो म्हणून ह्या पत्राची एक प्रत मा. आरोग्य मंत्र्यांनाही पाठवतोय.

आपला,
एक फिजिओथेरपिस्ट,
जि. सांगली